जागेश्वरचा आराम

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे कोष्ट्यांची वस्ती होती. तिथे उजाडायच्या आत मागांची खटखट सुरू व्हायची, आणि नेमक्या त्याच वेळी जागेश्वर धकाते सायकलवर टांग टाकून कामठीच्या दिशेने निघायचा. कोष्टी माणूस दिवस उगवताना घराबाहेर पडतो म्हणजे तो एक तर कोर्टात चाललाय, नाही तर सोयरीक जुळवायला, असं मानणारी ती वस्ती. जागेश्वर रोजच जायचा. त्यामुळे लोकांच्या पोटात दुखायचं.

"तू तिथं का करून राहिला गा, जागेश्वर?" कुणी तरी विचारायचंच.

"साहेबायले गोल्फ शिकवतो."

"म्हणजे का?"

"काठीनं चेंडू मारनं."

"अन् त्याले शिकवा लागते?"

यावर जागेश्वर सायकलला टांग मारून पुढे निघायचा. तसा तो मुळातच बोलक्यांतला नव्हता, आणि सासष्ट सालानंतर तर त्याचं बोलणं गरजेपुरतंच उरलं होतं.

सासष्टचं सांगावंच लागेल, कारण ते घडलं नसतं तर हा माणूस मैदानाकडे फिरकलाही नसता. त्या वर्षी पावसाळ्यात त्याची मुलगी रुख्मिणी काविळीने गेली. अकरा वर्षांची होती, आणि एकुलती. बाप मागावर बसायचा आणि पोरगी शेजारी रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात, विणताना इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, बसणारी सुताची छोटी गुंडाळी. ती संपली की माग थांबतो. रुख्मिणीने बापाचा माग कधी थांबू दिला नाही. काविळीवर वस्तीत जे जे करतात ते सगळं झालं. गळ्यात माळ घातली, पथ्य पाळलं, शेवटी मोठ्या दवाखान्यातही नेलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

मागावर तेव्हा ताणा, म्हणजे ताणून बांधलेलं उभं सूत, अर्ध्यावर आला होता. चढवलेला ताणा अर्धा ठेवून माग बंद करायचा नाही, हे कोष्ट्याच्या घरात कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. घरात लग्न असो की मयत, कापड पुरतं उतरवायचं आणि मगच मागावरून उठायचं. मुलीचे दिवस झाल्यावर जागेश्वर मागावर बसला. स्वतःच कांड्या भरल्या, स्वतःच विणलं, लुगडं उतरवलं आणि मागावर पोतं टाकलं. रहाट उचलून कोपऱ्यात ठेवला.

त्याची बायको अनुसया. ती त्यानंतर फारशी रडलीही नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं जागेश्वरला पुढे कैकदा वाटलं. ती सकाळी उठायची, चूल पेटवायची, भाकर थापायची, ताट वाढायची. "मीठ सरलं", "पानी भरून ठेवलं", एवढंच तिच्या तोंडून निघायचं. जागेश्वरही "हो" म्हणायचा. सणावाराला लोक म्हणायचे, सावरले बिचारे. सावरले कसले, दोघंही बधिर झाली होती. दुखत नव्हतं ते काही बरं झालं म्हणून नव्हे.

शेजारचा बाबनराव गोल्फच्या मैदानावर माळी होता. त्यानेच एक दिवस जागेश्वरचं मनगट धरलं. "घरात बसून भिताडं का पाहत राहतं गा? चाल माह्यासंग, गवत काप." जागेश्वर गेला. तिथे निदान मागाचा आवाज कानावर पडत नव्हता, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

मैदान कसलं, उन्हाळ्यात नुसता माळच. साहेब लोक ज्याला ग्रीन म्हणत ते हिरवं नव्हतंच. नागपूरच्या उन्हात तसलं गवत टिकणार कसं? तिथे तेल मारलेल्या रेतीचा काळपट गोल करून ठेवलेला असे आणि त्यात चेंडू घालवायचा. जागेश्वरने आधी गवत कापलं, मग साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली. संध्याकाळी साहेब गेले की पिशव्या वाहणारे लोक मोडक्या काठ्यांनी आपसात खेळायचे. त्यात एकदा त्याच्याही हातात काठी आली. त्याने मारला तो चेंडू जमिनीपासून फार वर न जाता सरळ सुतासारखा गेला आणि पार लांब जाऊन थांबला. सगळे पाहतच राहिले.

मैदानाचा मार्कर, म्हणजे सभासदांना खेळ शिकवणारा माणूस, नत्थूजी नावाचा म्हातारा होता. त्याने जागेश्वरला हाताखाली घेतलं. काठी कशी धरायची, पाय कुठे ठेवायचे, खांदा कसा फिरवायचा, सगळं दाखवलं. एकच गोष्ट त्याला कधी बदलता आली नाही. फटक्याच्या अगदी शेवटी जागेश्वर काठीची मूठ करकचून आवळायचा आणि मनगटाने आत झटका द्यायचा.

"मूठ सैल धरजो न बाबू," नत्थूजी कावायचा. "तुह्या हातची काठी कोनी हिसकून नाई नेऊन राहिलं."

"हो जी," म्हणून जागेश्वर पुन्हा तसाच मारायचा. सात वर्षांचा असल्यापासून उजव्या हाताने मागाची झटक्याची दोरी ओढलेला तो माणूस. दोरीची मूठ आवळायची, मनगटाने हिसका द्यायचा, धोटा या टोकाहून त्या टोकाला. हात तेवढंच शिकला होता. पण चेंडू सरळ जात होता, साहेब खूश होते, मग नत्थूजीनेही नाद सोडला.

चौऱ्याहत्तरात नत्थूजी थकून आपल्या गावी निघून गेला आणि त्याचं काम जागेश्वरकडे आलं. काम आलं, जागा नाही. पावसाळा सरला की बोलवायचं आणि पुढच्या पावसाला रजा द्यायची, असं हंगामी खातं. पण पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात सेक्रेटरीसाहेबांनी, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या एका मेजरने, त्याला बोलावून सांगितलं, "जागेश्वर, दिसंबर की बड़ी मैच के बाद तुमको पक्का मार्कर बना देंगे. कमेटी मान गई है. बस, मेंबर लोगों को हाथ चलाके दिखाना पड़ेगा." पक्का मार्कर म्हणजे बारमाही काम आणि मैदानाच्या कडेला राहायला दोन खोल्या. घर सोडायला मिळेल, असं जागेश्वरच्या मनात आलं. त्या पोत्याखालच्या मागासमोरून रोज उठून जावं लागणार नाही. अनुसयेलाही तिथे कदाचित बरं वाटेल. किती तरी वर्षांनी त्याला एखादी गोष्ट हवीशी वाटली होती.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात त्याचा कोपर दुखायला लागला.

दुखणं उजव्या कोपराच्या आतल्या हाडाशी. आधी धोतर पिळताना कळ यायची. मग भरला लोटा उचलताना. मे महिन्यात मैदानाची काळी माती तडकून फरशीसारखी टणक होते; नवशिक्या सभासदाला दाखवताना काठी जमिनीवर आपटली की तो हिसका थेट कोपरात शिरायचा. जागेश्वरने आधी कानाडोळा केला. खेळ अर्ध्यावर सोडून उठणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुखलं तरी शेवटच्या गोलापर्यंत जायचं आणि मगच काठी ठेवायची. वस्तीतली जनाबाई नस उतरवण्यात पटाईत होती. तिने तेल चोळून हात असा ओढला की जागेश्वरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. नंतर बिब्बा घालून झाला. त्याने कातडीवर फोड उठले आणि आतलं दुखणं आत तसंच राहिलं. पावसाळा संपेतो करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांना मुंग्या यायला लागल्या.

सेक्रेटरीसाहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी त्याला रामदासपेठेत डॉक्टर मुळ्यांकडे पाठवलं. डॉक्टर हाडांचे, आणि रविवारी मैदानावर येणारे. जागेश्वरने त्यांची पिशवी वाहिलेली होती.

डॉक्टरांनी कोपराचं आतलं हाड अंगठ्याने दाबलं. जागेश्वर कळवळला. मग त्यांनी त्याला मूठ वळायला लावलं आणि मनगट आत वाकवताना आपल्या हाताने अडवून धरलं. पुन्हा तीच कळ.

"हे गोल्फवाल्यांचं दुखणं," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे दर हंगामात चार-दोन येतात. मूठ आवळणारे आणि मनगट वाकवणारे जे स्नायू असतात ना, ते सगळे इथे या हाडाला बांधलेले असतात. तुम्ही आवळून झटका दिला की दर वेळी इथे हिसका बसतो. सारखा बसला की बांधलेली जागा विरते, जुन्या कापडासारखी. शेजारून एक नस जाते, तिलाही आता सूज लागायला लागली आहे. म्हणून बोटांना मुंग्या."

कापडासारखी म्हटल्यावर जागेश्वरला चांगलंच समजलं. "बरं होते का जी?"

"होतं की. पण वेळेवर ऐकलं तर." मग डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. सहा आठवडे काठीला हात लावायचा नाही. हाताला पूर्ण आराम. संध्याकाळी फडक्यात बर्फ गुंडाळून शेकायचं. दुखणं उतरलं की हात मांडीवर टेकवून, पाण्याचा लहान लोटा धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, घाई न करता. पुन्हा खेळायला लागल्यावर आधी हात मोकळा करून घ्यायचा, कोपराखाली पट्टा बांधायचा, काठीची मूठ जाड करून घ्यायची म्हणजे आवळावी लागत नाही, टणक जमिनीवर काठी आपटायची नाही, आणि कळ आली की तिथेच थांबायचं. "तिथेच, काय? शेवटच्या गोलापर्यंत नाही. आत्तापासून सुट्टी घ्या. दिवाळीनंतर या मैदानावर. डिसेंबरपर्यंत हात बरा झालेला असेल."

जागेश्वरने मान डोलावली. डॉक्टरांचा शब्द न् शब्द त्याने पाठ केला होता, आणि तो तसाच पाळायचा हे त्याने मनाशी धरलं. आता डॉक्टरांना दोष देणारे देतील, की घरी जाऊन काय करणार हे त्यांनी विचारायला हवं होतं. पण गोल्फ शिकवणारा माणूस समोर बसला असताना, हा घरी जाऊन काय करत असेल, हे कुणाच्या तरी मनात येईल का?

पहिले चार दिवस जागेश्वर ओट्यावर बसून राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, काहून बसला गा, काढलं का कामावरून? घरात अनुसया आपली कामं करायची. हात मोकळे, डोकं मोकळं, आणि बधिर माणसाला मोकळं डोकं फार जड जातं. पाचव्या दिवशी त्याने मागावरचं पोतं काढलं. उंदरांनी काही कुरतडलं तर नाही, एवढंच पाहायचं होतं. कुरतडलं नव्हतं. त्याने दोरी नवी बांधली, पायाखालच्या पावड्यांना तेल दिलं, आणि दुसऱ्या दिवशी विणकरांच्या सोसायटीतून सूत घेऊन आला.

मागावर बसणं हे काम आहे, असं त्याच्या मनातही आलं नाही. काम म्हणजे सायकल मारत कामठीच्या अंगाला जाणं, उन्हात उभं राहणं, साहेबाची बोलणी खाणं. माग म्हणजे आपल्या घरात, सावलीत, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं. त्याचा बाप तापात मागावर बसायचा, कारण खाटेवर पडण्यापेक्षा तिथे बरं वाटतं म्हणायचा. वस्तीत तर कुणी आजारातून उठला की लोक विचारायचे, बसून राहिला का मागावर? आणि हो म्हटलं की समाधानाने जायचे. बाबनराव ताण्याचे धागे जोडायला मदतीला आला, त्यालाही यात वावगं दिसलं नाही. उलट तो म्हणाला, "बरं केलं. जरासक आराम होते."

पहिल्या दिवशी जागेश्वर स्वतःच रहाट घेऊन कांड्या भरायला बसला. त्याला ते कधी जमलं नव्हतं. सूत तटातट तुटत होतं. अनुसया चुलीपाशी बसून ऐकत होती. बऱ्याच वेळाने ती उठली, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सूत तोडून राहिले तुमी. सरका."

ती रहाटावर बसली. नऊ वर्षांत त्या रहाटाला तिने हात लावला नव्हता. जागेश्वर खड्ड्यात उतरला, दोरीची मूठ हातात घेतली, आणि घरात माग सुरू झाला. भीती होती की बरं वाटत होतं, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

आठवड्याभराने अनुसया बोलली. कांडी धोट्यात घालायला त्याच्या हातात देता देता म्हणाली, "रुखमा मधातच सूत जास्त भरे. कांडीचं पोट सुटे."

जागेश्वरचा हात थांबला. मुलीचं नाव या घरात इतक्या वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"हो न," तो म्हणाला. "अन् धोट्यात अटकली का मलेच म्हने, बाबा, तुमचा धोटाच वाकडा हाय."

अनुसया हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि रडताना तिने रहाट थांबवला नाही. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. वस्तीतल्या मैनाबाईच्या सुनेचं काय झालं, तांदळात खडे कसे निघाले, रुख्मिणी लहानपणी तलावात चप्पल सोडून कशी आली होती. बोलायचं आणि कांड्या भरायच्या. जागेश्वर ऐकायचा आणि दोरी ओढायचा. त्याला सुख वाटलं असं म्हणणं जास्तच होईल. पण थंडीत अवघडलेला पाय हळूहळू जागा व्हायला लागतो, तसं काही तरी होत होतं.

डॉक्टरांचं सगळं तो पाळत होता, अगदी डोळ्यांत तेल घालून. काठीला हात नाही. सायकलसुद्धा नाही. संध्याकाळी चौकातल्या बर्फवाल्याकडून भुशातला बर्फ आणायचा आणि अनुसया फडक्यात बांधून कोपर शेकायची. कोपर दुखायचा, रात्री तर ठणकायचा. करंगळी कधी कधी असून नसल्यासारखी वाटायची. जागेश्वर म्हणायचा, जुनं दुखणं निघताना त्रास देणारच. डॉक्टरांनी तरी कुठे सांगितलं होतं की एका दिवसात जाईल? दोन लुगडी उतरली. तिसरा ताणा चढला, आणि दिवाळी आली.

दिवाळीनंतर तो मैदानावर गेला. शालिकराम नावाचा त्याचा एक सोबती होता, पिशव्या वाहणारा. त्याने काठीला कापडी पट्टी गुंडाळून मूठ जाड करून ठेवली होती. जागेश्वरने कोपराखाली पट्टा बांधला, हात फिरवून मोकळा केला, सगळं सांगितल्याप्रमाणे. सेक्रेटरीसाहेब आणि दोन सभासद पाहत होते. त्याने काठी उचलली, खांदा फिरवला, खाली आणली, आणि फटक्याच्या क्षणी काठी त्याच्या हातातून निसटून पुढे जाऊन पडली. चेंडू जागचा हललाही नाही. जागेश्वरने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ वळलेली होती, पण शेवटची दोन बोटं वळलीच नव्हती.

कुणी हसलं नाही. शालिकरामने जाऊन काठी उचलून आणली. सेक्रेटरीसाहेब जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "जाओ, डॉक्टर साहब को दिखाके आओ. अभी टाइम है."

रामदासपेठेत डॉक्टर मुळ्यांनी त्याचा हात बराच वेळ तपासला. बोटांच्या टोकांना सुई टोचून पाहिली. जागेश्वरला करंगळीत काहीच कळलं नाही.

"आराम केला ना?"

"पूरा केला जी. काठी पाह्यली नाई डोळ्यानं."

"घरी काय करत होतात दिवसभर?"

"काही नाई जी. मागावर बसत होतो."

डॉक्टरांनी मान वर केली. "कसल्या मागावर?"

जागेश्वरने दाखवलं. खुर्चीतल्या खुर्चीतच डावा हात पुढे धरला, उजव्या हाताने हवेतली मूठ आवळली आणि मनगटाने आत हिसका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो आपोआप थांबला. आपण काय दाखवतो आहोत ते त्याचं त्यालाच दिसलं होतं.

"दिवसातून किती वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोजत नाई जी कोनी."

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं." त्यात राग नव्हता, म्हणून जागेश्वरला ते जास्त लागलं. "ऐका आता. गोल्फने जेवढं बिघडलं नव्हतं, त्याच्या कितीतरी पट या आठवड्यांत बिघडलं आहे. पण हात गेलेला नाही. माग आजपासून बंद. काठीही बंद. तीन-चार महिने. मी सेक्रेटरीशी बोलतो, तुमची जागा पुढच्या हंगामापर्यंत थांबवून ठेवतील, ते माणूस चांगले आहेत. पण माग चालू राहिला तर ही दोन बोटं जातील आणि मग हाताचा पंजाच सुकत जाईल. मग मी काही करू शकणार नाही."

"हो जी," जागेश्वर म्हणाला.

तो पायीच निघाला. सायकल डाव्या हाताने ढकलत. सांगायला सोपं होतं. घरी जायचं आणि म्हणायचं, अनुसये, माग बंद. पण काहून, असं ती विचारणारच. मग सांगावं लागेल की या मागानेच हात खाल्ला. आणि मागाला कांड्या कुणी पुरवल्या? ती काही बोलणार नाही. उठेल, रहाट उचलून कोपऱ्यात ठेवेल आणि म्हणेल, मीठ सरलं. पुढे ती मरेपर्यंत हेच म्हणेल. मैदानाच्या कडेच्या दोन खोल्यांतही हेच. तिने तोंड उघडलं, मुलीचं नाव घेतलं, ते दिवस नेमके नवऱ्याचा हात नासवणारे होते, हे तिला कळलं तर ती पुन्हा तोंड उघडायची नाही. याबद्दल जागेश्वरला जराही शंका नव्हती.

त्याने स्वतःचा राग करून पाहिला, डॉक्टरांचा करून पाहिला. कुठलाच आला नाही. महाल भागातून निघून तो सक्करदऱ्याच्या चौकात आला तेव्हा ऊन कललं होतं. बर्फवाल्याने ओळखीने विचारलं, आज बर्फ नको का? जागेश्वर नको म्हणाला आणि पुढे गेला.

घरी अनुसया रहाटावरच होती. टोपली कांड्यांनी भरली होती. त्याचं तोंड पाहून तिने रहाट थांबवला.

"का म्हने डाक्टर?"

"गोल्फानं झालं म्हने. त्या काठीनं."

"मले वाटतच होतं." तिने सुस्कारा टाकला. "येवढे दिवस आराम केला तरी सोडून नाई राहिलं, म्हणजे कसं मुळापासून धरलं असन. मंग?"

"मंग का? सोडली काठी."

"अन् ते पक्कं काम? खोल्या?"

"राहू दे. इथं का वाईट हाय?"

अनुसया त्याच्याकडे पाहत राहिली. नोकरी गेल्याचं दुःख तिला झालं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण त्याच्या मागून दुसरंच काही तरी आलं, आणि पुढचं विचारताना तिचा आवाज बारीक झाला. "अन् माग? मागाचं का म्हने ते?"

रहाटाच्या दांड्यावर तिचा हात तसाच होता. जागेश्वरने टोपी काढून खुंटीला अडकवली.

"मागाचं का म्हनतीन? माग तं बसून काम हाय."

"तेच तं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग बसता का जरासक? दोनच हात कापड राह्यलं. अंधार पडाच्या आंधी होऊन जाईन."

जागेश्वरने खड्ड्यात पाय सोडले. पावडीवर पाय ठेवला, दोरीची मूठ हातात घेतली. तीन बोटांनी ती लागली, दोन बोटांना कळलं नाही. त्याने हिसका दिला. कळ कोपरापासून मनगटापर्यंत गेली आणि तिथून पुढे काहीच नव्हतं. धोटा पलीकडे गेला. त्याने धागा बसवायला डाव्या हाताने फणी ठोकली आणि पुन्हा ओढलं.

"दुखते का?" अनुसयेने विचारलं.

"नाई."

तिने रहाट फिरवायला घेतला. थोड्या वेळाने, कांडी भरता भरता, म्हणाली, "पुढचा ताना हिरवा घेऊ. रुखमाले हिरवा आवडे."

"घेऊ," जागेश्वर म्हणाला आणि दोरी ओढली.